श्वासाची विचारपूस : बरे वाटत असताना पंप कशासाठी?

दम्याविषयी या वेळी आलेल्या पत्रांत एक गोष्ट ठळकपणे दिसली. ‘औषध घ्यायला विसरतो’ अशी तक्रार जवळजवळ कोणाचीच नाही. ज्यांनी औषध सोडले, कमी केले किंवा लपवून ठेवले, त्यांनी ते विचार करून केले आहे आणि तो विचार काय होता हेही मोकळेपणाने लिहिले आहे. म्हणून एकाच विषयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहणारी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली असून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील एस.टी.त चालक होते, आता निवृत्त आहेत. पंधरा वर्षांपासून त्यांना दमा आहे. डॉक्टरांनी दोन पंप दिले आहेत. निळा धाप लागल्यावर घ्यायचा आणि दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ. निळा पंप ते सदैव खिशात बाळगतात. रोजचा पंप मात्र दहा-बारा दिवस घेतात आणि बरे वाटू लागले की कपाटात ठेवून देतात. ‘दम लागला तर घेईन, चांगला असताना छातीत औषध कशाला मारायचं?’ असे त्यांचे म्हणणे आहे. दोन वर्षांत तीन वेळा त्यांना मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले. त्यांची समजूत कशी घालावी?
– एक मुलगा, कराड

उत्तर : तुमच्या वडिलांचे म्हणणे आधी त्यांच्या बाजूने पाहू या, कारण ते अडाणीपणातून आलेले नाही. आपण लहानपणापासून औषधाचा जो अनुभव घेतो तो असाच असतो : ताप आला की गोळी घ्यायची आणि ताप उतरला की पाकीट फडताळात टाकायचे. निळा पंप या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. त्यातील साल्ब्युटॅमॉल श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करते, काही मिनिटांत छाती मोकळी होते आणि हा आराम चार ते सहा तास टिकतो. रोजच्या पंपाचे नेमके उलटे आहे. तो घेतल्यावर काहीच जाणवत नाही आणि एखाद्या दिवशी घेतला नाही तरी त्या दिवशी काही बिघडत नाही. घेतल्याचा गुण दिसत नाही आणि न घेतल्याची शिक्षा दोन-तीन आठवड्यांनी, एखाद्या सर्दीच्या किंवा धुळीच्या निमित्ताने होते. तेव्हा माणूस दोष सर्दीला देतो, कपाटातल्या पंपाला देत नाही.

न्यूयॉर्क शहरात दम्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्याहून अधिक रुग्णांची समजूत अशी होती की, त्रास असतो तेव्हाच आपल्याला दमा असतो, एरवी नसतो. ज्यांची ही समजूत होती ते बरे असताना रोजचे औषध घेण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच कमी होती. दम्यासाठी रुग्णालयाची पायरी चढलेल्या माणसांची ही गोष्ट आहे, त्यामुळे तुमचे वडील काही जगावेगळे नाहीत.

वस्तुस्थिती अशी की, दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि धाप नसतानाही ती कमी-अधिक प्रमाणात टिकून राहते. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की पोपडे धरतात. चुना फासला तर भिंत चार दिवस पांढरी दिसते, पण वरून गच्ची गळत असेल तोवर ओल आतच असते. निळा पंप चुन्याचे काम करतो, तर रोजचा पंप गच्चीची गळती थांबवतो. गळतीचे काम अर्थातच सावकाश होते. सूज उतरायला काही आठवडे लागतात आणि पूर्ण लाभ दिसायला कधी काही महिनेही जातात. दहा-बारा दिवसांत बरे वाटते ते काम मार्गी लागल्याचे चिन्ह आहे, पुरे झाल्याचे नव्हे.

कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. कमी मात्रेच्या स्टेरॉइड पंपांचा, म्हणजे सूज उतरवणाऱ्या अशाच रोजच्या पंपांचा, मागील वर्षभरात जितका अधिक वापर झाला, तितके दम्याने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण घटलेले आढळले. ही घट दर जादा पंपामागे सुमारे २१ टक्के होती. ज्यांनी तो पंप बंद केला त्यांना पहिल्या तीन महिन्यांत, तो चालू ठेवणाऱ्यांपेक्षा, मृत्यूचा धोका अधिक होता. हे आकडे वडिलांना घाबरवण्यासाठी वापरू नका. घाबरवलेला माणूस आठ दिवस औषध घेतो आणि नवव्या दिवशी घाबरवणाऱ्याला टाळू लागतो.

त्याऐवजी एक साधे यंत्र घरी आणा. ‘पीक फ्लो मीटर’ नावाची प्लॅस्टिकची एक नळी मिळते. तिच्यात जोराने फुंकले की काटा सरकून श्वासाचा वेग आकड्यात दाखवतो. उभे राहून तीन वेळा फुंकायचे आणि त्यातला मोठा आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा. वडिलांना रोजचा पंप घेत असतानाचे दोन-तीन आठवडे आकडे लिहू द्या. पुढे कधी त्यांनी आपणहून पंप सोडलाच, तरी आकडे लिहिणे सोडू नये असे मात्र कबूल करून घ्या. अनेकांच्या बाबतीत आकडा आधी उतरतो आणि धाप नंतर लागते. पंधरा-पंधरा वर्षे दमा असलेल्या माणसांना अरुंद श्वासाची सवय होऊन जाते, ‘मला काही होत नाही’ असे ते प्रामाणिकपणेच सांगत असतात, आणि अशा वेळी त्यांच्या शब्दापेक्षा त्यांच्याच हाताने लिहिलेला आकडा अधिक खरे बोलतो. ज्या माणसाने आयुष्यभर ब्रेक लागेनासे होण्याची वाट न पाहता गाडी डेपोत दाखवली, त्याला याहून जास्त सांगावे लागेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला आधी ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ सांगितले होते, आता बाळदमा म्हणतात. पंपात स्टेरॉइड आहे हे कळल्यापासून सासूबाई तो देऊ देत नाहीत. उंची खुंटते, पंप गरम पडतो आणि एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, असे त्या म्हणतात. मी कधी देते, कधी देत नाही. यंदा थंडीत त्याला तीनदा पातळ औषधाचा कोर्स द्यावा लागला.
– एक आई, नाशिक

उत्तर : सासूबाईंच्या तीन शंकांपैकी एका शंकेत तथ्य आहे, आणि ते आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेत ५ ते १३ वर्षांच्या दमेकरी मुलांवर एक दीर्घ अभ्यास झाला. त्यात बुडेसोनाइड हे पंपातले स्टेरॉइड रोज ४०० मायक्रोग्रॅम याप्रमाणे चार ते सहा वर्षे घेतलेली मुले मोठी झाल्यावर, औषधविरहित पंप घेतलेल्या मुलांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने बुटकी भरली, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा फरक मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत पडला, पुढे वाढत गेला नाही. ‘उंचीवर काहीही परिणाम होत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे डॉक्टर भले हेतूने बोलतात, पण घरच्यांनी कोठेतरी खरे वाचले की त्यांचा बाकीच्या सल्ल्यावरचाही विश्वास उडतो. म्हणून मी पालकांना हा आकडा आधीच सांगतो आणि बोटांमध्ये एवढेसे अंतर धरून दाखवतो. नंतर हेही सांगतो की, रात्र-रात्र खोकणारे आणि खेळायला न जाणारे मूलही नीट वाढत नाही.

आता तुमच्याच पत्रातील एका वाक्याकडे वळू. तीनदा जे पातळ औषध दिले ते बहुधा प्रेडनिसोलोन असावे. चिठ्ठी तपासून पाहा. तेही स्टेरॉइडच आहे, फक्त ते पोटातून रक्तात जाऊन अंगभर पसरते. २५ किलो वजनाच्या मुलाला त्याची मात्रा दिवसाला २५ मिलिग्रॅम धरली तर पाच दिवसांच्या एका कोर्समध्ये १२५ मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा लाख मायक्रोग्रॅम औषध जाते. पंपातून रोज २०० मायक्रोग्रॅम दिले तर एवढा आकडा गाठायला ६२५ दिवस लागतील. दोन औषधांची ताकद वजनाला वजन सारखी नसते, त्यामुळे हा हिशेब काटेकोर तुलनेचा नाही. पण पंपाच्या भीतीपायी आपण मुलाला नेमके काय देत आहोत, याचा अंदाज त्यातून येतो. स्टेरॉइडला भिऊन पंप टाळायचा आणि पंप टाळल्यामुळे स्टेरॉइडचे कोर्स वाढवायचे, असा हा व्यवहार झाला आहे.

स्टेरॉइड हा शब्द ऐकला की व्यायामशाळेतील इंजेक्शने आठवतात. ती वेगळ्या जातीची असतात. दम्याच्या पंपातील द्रव्ये ज्या जातीची आहेत, त्या जातीचे संप्रेरक आपल्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी रोज तयार करतच असतात. ‘गरम पडतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा घशातली खवखव, आवाज बसणे किंवा तोंडात पांढरा बुरा येणे असते. पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर ही पोकळ नळी लावून औषध दिले आणि नंतर चूळ भरून पाणी थुंकायला लावले की हा त्रास पुष्कळ कमी होतो. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसला की आत विद्युतभार तयार होतो आणि औषध नळीलाच चिकटून बसते.

जन्मभराच्या सवयीविषयी एवढेच सांगतो की, या औषधाचे व्यसन लागत नाही. दमा दोन-तीन महिने नीट आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा उतरवून पाहतात, आणि अनेक मुलांचा दमा वयाबरोबर सौम्य होतो. मात्र ‘कधी देते, कधी देत नाही’ अशा स्थितीत मात्रा कमी करायची की वाढवायची, हे कोणत्याही डॉक्टरला ठरवता येत नाही. पुढच्या भेटीत सासूबाईंनाही बरोबर न्या. त्यांची भीती त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावी. तुमच्या तोंडून आलेले उत्तर त्यांना सुनेचे उत्तर वाटणार.

प्रश्न : गेल्या जूनमध्ये हैदराबादला जाऊन मृग नक्षत्राला जिवंत माशातून गिळायला देतात ते दम्याचे औषध घेतले. सलग तीन वर्षे घ्यायचे असते. तेव्हापासून पंप बंद केला आहे आणि सध्या तब्येत ठीक आहे. काही धोका आहे का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : धोका माशात असो वा नसो, पंप बंद करण्यात नक्की आहे. त्या औषधाची कृती गुप्त ठेवलेली असल्याने त्याच्या गुणाविषयी परीक्षा करून बोलण्याची सोय नाही. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध देण्याचे कार्यक्रम आपल्याकडेही होतात आणि तेथेही गर्दी असते. दमा हा भरती-ओहोटीचा आजार आहे. माणूस दूरच्या प्रवासाला निघतो तो फार त्रास झाल्यानंतर, आणि फार त्रासानंतर काही काळ उतार पडतोच. तो उतार ज्या औषधाच्या वाट्याला येतो, त्याला श्रेय मिळते. तुमची श्रद्धा मोडावी असा माझा आग्रह नाही, पण तीन वर्षांचा नेम पाळणाऱ्या माणसाला पंपाचाही नेम पाळता येईल. लगेच डॉक्टरांना दाखवा आणि फुंकण्याची तपासणी करून घ्या.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. लग्न ठरले आहे. दमा आहे हे सासरी सांगितलेले नाही; आई म्हणते, लग्न होईपर्यंत पंप दिसता कामा नये. रोजचा पंप मी सोडला. निळा मात्र बाथरूममध्ये जाऊन घेते, दिवसातून तीन-चार वेळा. पंपाऐवजी गोळ्या चालतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : निळा पंप दिवसातून तीन-चार वेळा लागतो आहे, याचा अर्थ तुमचा दमा सध्या आटोक्यात नाही. लग्नाचा विचार त्यानंतर करू. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

गोळी लपवायला सोपी, एवढाच तिचा फायदा आहे. साल्ब्युटॅमॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे एका गोळीत ४० फवाऱ्यांइतके औषध असते. ते पोटातून रक्तात जाते, आणि म्हणूनच हात थरथरतात, छाती धडधडते. शिवाय स्नायू सैल करणाऱ्या गोळीने सूज उतरत नाही.

सवय लागण्याची भीती आपल्याकडे चुकीच्या पंपाला चिकटली आहे, असे माझे मत आहे. निळा पंप लगेच गुण देतो म्हणून तो मित्र वाटतो आणि रोजचा पंप परका. खरे तर निळ्या पंपाचाच वापर वारंवार होऊ लागला की त्याचा उपयोग कमी पडू लागतो. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची एकेक करून तपासणी झाली आणि तिचा अहवाल २०१४ मध्ये निघाला. ज्यांच्या औषधांच्या नोंदी मिळाल्या त्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना शेवटच्या वर्षात तात्पुरत्या आरामाचे बारापेक्षा अधिक पंप दिले गेले होते, आणि ३८ टक्के रुग्णांना सूज उतरवणारे चारपेक्षाही कमी. दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून प्रौढांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये असे सांगितले, त्यामागे हीच काळजी आहे.

तुमच्या अडचणीला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आहे. सूज उतरवणारे बुडेसोनाइड आणि लगेच आराम देणारे फॉर्मोटेरॉल ही दोन औषधे एकत्र असलेला पंप रोज ठरल्या वेळी आणि त्रास झाला तर तेव्हाही घेता येतो, त्यामुळे दोन पंप सांभाळावे लागत नाहीत. दिवसातून एकदाच घ्यायचे काही पंपही मिळतात. यांतील तुम्हाला कोणता योग्य, ते डॉक्टर ठरवतील. दात घासण्याआधी खोलीचे दार लावून पंप घेतला तर तो कोणाला दिसणार नाही आणि चूळही आपोआप भरली जाईल.

लपवण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहितो. निदान होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधी सांगा. पुढे गरोदरपणात हेच पंप सहसा चालू ठेवायचे असतात आणि ते भीतीने बंद करण्यात आई व बाळ दोघांचेही नुकसान असते. त्या दिवसांत घरात पंप पहिल्यांदाच दिसला, तर तो बंद करा म्हणणारे चार जण उभे राहतील आणि तुमच्या बाजूने बोलायला कोणी नसेल.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी पंचवीस वर्षे व्यवसाय करतो. माझे रुग्ण विचारले की ‘घेतो ना साहेब’ म्हणतात, पण दम्याला उतार नसतो. औषध खरेच घेतले जाते की नाही, हे ओळखावे कसे?
– एक डॉक्टर, अकोला जिल्हा

उत्तर : आपण विचारतो ‘पंप घेताय ना?’ त्यातला ‘ना’च उत्तर ठरवून टाकतो. समोरचा माणूस साहेबांना नाराज कशाला करील?

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या २४ मुलांच्या पंपांना फवारे मोजणारे यंत्र बसवले होते. रोजनिशीतील नोंदींप्रमाणे औषधाचा वापर ९५ टक्के होता, यंत्राप्रमाणे ५८ टक्के. ज्या मुलांना दम्याच्या झटक्यासाठी तोंडावाटे स्टेरॉइड द्यावे लागले, त्यांच्यात तर तो १४ टक्क्यांच्या आतच होता. फुप्फुसांचा आजार असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात काही जणांनी तीन तासांत शंभराहून अधिक फवारे उडवल्याचे यंत्राने टिपले. तपासणीच्या दिवशी पंप रिकामा दिसावा म्हणून! डॉक्टरांना वाईट वाटू नये यासाठी माणसे किती कष्ट घेतात, हे पाहून मला हसावे की रडावे कळेना.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका बाईंची मात्रा मी दोन भेटींत दोनदा वाढवली, तिसऱ्या भेटीत पंप बदलला. त्या दर वेळी ‘घेते की’ म्हणायच्या. चौथ्या खेपेला मी पंप दाखवायला सांगितले, तेव्हा त्यांनी पिशवीतून तीनही खोकी काढून टेबलावर मांडली. एकाचेही सील फोडलेले नव्हते. शेजारणीचा दीर पंप घेत होता आणि तो गेला, त्यामुळे पंप म्हणजे शेवटची पायरी, हे त्यांच्या मनात घट्ट बसले होते. मी तीनदा तपासले, पंपाची भीती वाटते का हे मात्र एकदाही विचारले नव्हते.

रॉब हॉर्न आणि जॉन वाइनमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या गाभ्याशी दोनच गोष्टी आहेत : हे औषध मला लागते असे रुग्णाला किती वाटते, आणि या औषधाची धास्ती किती वाटते. धास्तीचे पारडे जड झाले की औषध सुटते. निरनिराळ्या दीर्घ आजारांवरील ९४ अभ्यास २०१३ मध्ये एकत्र पाहिले गेले, तेव्हाही हाच कल दिसला. आपण बहुतेक वेळा ‘लागते’ एवढेच सांगत राहतो. धास्तीला हातच घालत नाही. ‘बऱ्याच जणांचा पंप आठवड्यातून दोन-तीनदा राहून जातो, तुमचा गेल्या आठवड्यात किती दिवस राहिला?’ असे विचारून पाहा. मग ‘या पंपाबद्दल घरात कोण काय म्हणतं?’ असे विचारा. स्वतःची भीती माणूस सांगत नाही, पण सासूची किंवा शेजाऱ्याची लगेच सांगतो. पावडरीचे पंप देत असाल तर समोर घ्यायला लावा. कॅप्सूल यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि तेही ‘नियमित घेतो’ असेच सांगत होते, खोटे न बोलता.

प्रश्न : पंप संपत आला हे कसे ओळखावे? आम्ही आतली डबी पाण्यात टाकून ती तरंगते का पाहतो.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ही परीक्षा भरवशाची नाही, आणि पाणी आत जाऊन तोंड बुजते ते वेगळेच. आतले औषध संपल्यावरही डबीतून वायूचा फवारा येत राहतो, त्यामुळे हलवून किंवा आवाज ऐकूनही कळत नाही. अनेक नव्या पंपांवर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. तो नसेल तर हिशेब सोपा आहे. डबीवर १२० फवारे लिहिले असतील आणि सकाळी दोन, संध्याकाळी दोन घ्यायचे असतील, तर ती ३० दिवस पुरते. नवा पंप उघडला त्या दिवसाची तारीख पेनाने चिकटपट्टीवर लिहून ती डबीवर लावा. तीस दिवसांनंतरही फवारा येत असेल तर एक तर तो नुसता वायू आहे, किंवा मधले काही दिवस पंप राहून गेला आहे.